पुढे बातमी नाही

माझ्या ताईला ज्या माणसाने जगापुढे बदनाम केलं, त्याच्याच ऑफिसात मी नोकरी धरली. आईला सांगितलं की काम बरं आहे, माणसंही बरी आहेत. दोन्ही थापा. मला त्या माणसाचा गळा धरायचा होता, आणि तो लांबून धरता येत नाही.

त्याला सगळे दादा म्हणायचे. त्याच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. मी मनात काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. मोबाइलवर उभ्या, छोट्या व्हिडिओंमधून बातम्या देणारी ती कंपनी होती, खास तरुण पोरांसाठी. वर्तमानपत्राला हात न लावणारी, टीव्हीसमोर न बसणारी, कॉलेजातली किंवा नुकती कामाला लागलेली मुलं जगात काय चाललंय ते दादाकडून समजून घ्यायची. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, आवाजात मध. "मित्रांनो, जरा थांबा," असं तो कॅमेऱ्यात बघून म्हणाला की पोरींना वाटायचं हा आपल्याशीच बोलतोय, आणि पोरांना वाटायचं आपणही असंच बोलावं.

आता ताईचं सांगते, म्हणजे राग कशाचा ते कळेल. ताई पोहण्याच्या तलावावर लहान मुलांना शिकवायची. एका सकाळी एक मुलगा, जेमतेम हात मारायला शिकलेला, आगाऊपणा करत खोल भागात गेला आणि घाबरला. ताई त्याच्यापर्यंत पोचली तशी त्याने तिच्या गळ्याला मिठी मारली. बुडणाऱ्याची मिठी मायेची नसते, ती वाचवणाऱ्यालाही घेऊन जाते. त्यावर शिकवलेला उपाय असा की आपणच पाण्याखाली जायचं. बुडणाऱ्याला खाली यायचं नसतं, त्यामुळे तो आपोआप सोडतो. मग मागून जाऊन त्याची हनुवटी पाण्यावर धरायची आणि त्याला काठाला आणायचं. ताईने तेच केलं. काठावर आणून त्याला खोकू दिलं, टॉवेलात गुंडाळलं. त्यानंतर तो पोरगा तिचा हात सोडायला तयार होईना.

कठड्याशी उभ्या असलेल्या एका पालकाने हे सगळं मोबाइलवर टिपलं आणि कौतुकाने दादाच्या कंपनीला पाठवलं. संध्याकाळपर्यंत ते घराघरांत पोचलं होतं. पण त्यात होती फक्त मिठी, मुलाच्या पाठीवर ताईचा हात आणि पाण्याखाली जाणारी दोघं. तिथेच संपलं. वर दादाचा मधाळ आवाज: "पोहायला शिकवतात, की बुडवायला?"

पालकांनी मुलं काढून घेतली. ज्या मुलाला वाचवलं त्याचे आईवडील स्वतः तलावावर जाऊन ओरडून सांगत होते की अहो, या बाईंमुळे आमचं पोर आज जिवंत आहे. त्यांचं ऐकतो कोण? चौकशी झाली, ताई निर्दोष ठरली. तलावाच्या व्यवस्थापकाने तिला समोर बसवून सांगितलं, "आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण लोक विसरेपर्यंत जरा थांबा." कंपनीने दुरुस्तीही दिली. भलत्याच कुठल्या तरी व्हिडिओच्या शेपटाला, काळ्या पडद्यावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. वरातीमागून घोडं, आणि तेही लंगडं.

लोक काही विसरले नाहीत. औषधाच्या दुकानातल्या मुलीने ताईला पाहून शेजारणीला कोपर मारलं, तेव्हा ताई गोळ्या न घेताच घरी आली. त्यानंतर तिने बाहेर पडणंच सोडलं. भाऊजी जहाजावर, म्हणून ती आमच्याकडेच राहायची. तिची पोहण्याची टोपी आई दर दोन-तीन दिवसांनी धुऊन वाळत घालायची. वापरलेली नसताना. ताई ते नुसतं बघायची. त्या टोपीकडे बघून माझ्या डोक्यात तिडीक जायची. अजूनही जाते.

ताई सासरचं आडनाव लावते, मी माहेरचं. ती चेहऱ्याने बाबांवर गेली, मी आईवर. त्यामुळे ऑफिसात कुणाला संशय आला नाही. मला काम मिळालं ते आठवणी तपासायचं. हसू नका, असं काम असतं. दर आठवड्याला काही तरुण मुलांना ऑफिसात बोलवायचं, कॉफी-बिस्किटं द्यायची आणि नव्या बातम्या त्यांच्याच मोबाइलवर बघायला लावायच्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांना फोन करून विचारायचं, काल काय पाहिलं, त्यातलं काय आठवतं? त्यावरून पुढच्या बातम्या कशा बनवायच्या ते ठरायचं.

पहिल्याच आठवड्यात मी फोनवर एका मुलीला यादीबाहेरचा प्रश्न विचारला. तलावाची ती जुनी बातमी आठवते का?

"हां, ती पोराला बुडवणारी बाई ना?"

"त्याबद्दल नंतर काही आलं होतं का?"

"आलं असेल. धरलं असेल तिला."

दुसरा एक मुलगा अभ्यासू होता, त्याला दुरुस्तीसुद्धा आठवत होती. म्हणाला, "चूक झाली होती असं काहीतरी म्हणाले होते. पण आगीशिवाय धूर निघतो का?" मी फोन ठेवला, बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून दातओठ खात उभी राहिले.

तेव्हा मला त्या पोरांचाही राग आला होता. पुढे तो ओसरला, कारण मी त्यांचे अंगठे बघायला लागले. माणसाचा चेहरा खोटं बोलतो, अंगठा बोलत नाही. बातमी सुरू झाली की अंगठा काचेवर अधांतरी थांबतो, एखाद्या पाहुण्याने दारात उभं राहून आत जावं की नको असा विचार करावा तसा. जरा कुठे रेंगाळलं की वर सरकवतो, संपलं. पण ही मुलं मूर्ख नव्हती. कॉफी पिताना आपापसात इतके नेमके प्रश्न विचारायची की दादाची बोबडी वळली असती. शेवटपर्यंत थांबण्यासारखं कारणच त्यांना कुणी दिलं नव्हतं, एवढंच.

आणि देणार कोण? ऑफिसच्या भिंतीवरच मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं: पहिल्या दहा सेकंदांत नाही ते नाहीच. हा तिथला मंत्र. गंमत अशी की पोरांसाठी केलेला नियम ऑफिसातल्या लोकांच्याच हाडीमाशी भिनला होता. कोणताही व्हिडिओ बाहेर जाण्याआधी दादाने आणि संपादकबाईंनी बघायचा असा रिवाज. दोघंही सुरुवात बघायची आणि 'मंजूर'चं हिरवं बटण दाबायची. पुढे बघायचंच कशाला, पुढे कुणी असतंच कुठे? शेवटपर्यंत बघायची सवय त्या मजल्यावर एकालाही उरली नव्हती.

माझं नशीब उघडलं ते इंटरनेट गेल्यामुळे. एकदा मुलांना एका कोसळलेल्या पुलाची बातमी दाखवत होतो आणि ट्रक पुलाच्या मध्यावर असताना सगळ्यांचे मोबाइल अडकले. मला वाटलं, आता ही उठून जातील. पण ती भांडायला लागली. एक म्हणाली, ट्रक पडला असणार. दुसरा म्हणाला, नाही, चालकाने मागे घेतला असणार, चाकं बघ ना. पैजा लागल्या. व्हिडिओ परत सुरू झाला तेव्हा एकाचाही अंगठा हलला नाही. आणि दुसऱ्या दिवशी फोनवर त्यांनी मला पूल कुणी बांधला, तपासणी का झाली नाही, चालक वाचला कसा, सगळं घडाघडा सांगितलं. ज्याने आधी स्वतःचा अंदाज बोलून दाखवला तो खरं काय ते कळेपर्यंत जागचा हलत नाही, आणि कळलेलं विसरतही नाही. विशेषतः पैज हरलेला तर मुळीच नाही.

मी हे संपादकबाईंपुढे मांडलं. बाई हुशार होत्या, आणि हुशार माणसं दुसऱ्याची कल्पना चटकन ओळखतात. त्यांनी मालिका सुरू केली. नाव ठेवलं 'पैज'. व्हिडिओ मध्येच थांबायचा, दादा म्हणायचा, "मित्रांनो, पुढे काय झालं? लावा पैज." मुलं उत्तर निवडायची, मग पुढचं उलगडायचं. दादाला एकदाच माइकसमोर बसवून सगळ्या भागांना पुरतील अशी वाक्यं एकगठ्ठा बोलून घेतली. बाकी मजकूर पडद्यावर अक्षरांतून. मालिका धावायला लागली. एका समारंभात दादाने सांगितलं की ही कल्पना त्याला दाढी करताना सुचली. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांपेक्षा जास्त वेळ वाजवल्या.

नव्या भागांसाठी जुने व्हिडिओ लागायचे, म्हणून मला कंपनीचा सगळा जुना साठा उघडून मिळाला. मी यासाठीच देव पाण्यात घालून बसले होते. पालकाने पाठवलेला तलावाचा व्हिडिओ तिथे होता, पूर्ण, टॉवेलासकट. त्याच्या शेजारीच त्या दिवसाचं आवाजाच्या खोलीतलं रेकॉर्डिंग होतं. तिथला माइक चालूच असायचा, बोलायच्या आधीचं-नंतरचं सगळं साठून राहायचं आणि कुणी ऐकायचं नाही. मी ऐकलं.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग दादा: "पाण्याखाली जातात ना, तिथेच तोड. पुढचं काढून टाक. पुढे बातमी नाही."

कानशिलं तापली माझी. त्याला माहीत होतं. त्याने टॉवेल पाहिला होता, खोकणारं पोर पाहिलं होतं, ताईचा हात न सोडणारी ती मूठ पाहिली होती, आणि म्हणाला, पुढे बातमी नाही. इथवरच ऐकून थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी त्या मजल्यावरची नव्हते. मी शेवटपर्यंत ऐकलं.

बराच वेळ कागदांचा आवाज. मग दादाच, हळू: "त्या बाईंना एकदा फोन करून विचारायचं का? त्यांचंही काही म्हणणं असेल."

बाहेरून संपादकबाई: "वेळ कुठे आहे? आत्ता गेलं नाही तर दुसरा कुणीतरी टाकेल."

"बरं. राहू दे मग."

हे मला नको होतं. राक्षस राक्षसच असला की काम सोपं असतं. हे वाक्य उडवून टाकायला माझं एक बोट पुरलं असतं, आणि खरं सांगते, बोट बटणावर गेलंही होतं. पण उद्या तो म्हणणार, हिनेही कापलं. ते सुख मी त्याला देणार नव्हते. मग त्यांनीच दुरुस्तीच्या वेळी घालून दिलेली वाट आठवली. ठेवायचं. सगळं ठेवायचं. फक्त कुठे ठेवायचं ते मी ठरवणार.

भाग तयार झाला. सुरुवातीला तलाव, मिठी, दोघं पाण्याखाली. दादा: "पुढे काय झालं? लावा पैज." मग पूर्ण व्हिडिओ, काठ, टॉवेल, ती मूठ. मग दुसरी पैज अक्षरांत: हे तुम्हाला आधी का दाखवलं नाही? आणि दादाच्या हसऱ्या फोटोवर त्याचाच आवाज. पुढे बातमी नाही. त्यानंतर "बघा, कोण जिंकलं." मग कंपनीचं चिन्ह, मग काळा पडदा, आणि त्या काळ्या पडद्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत, बारीक आवाजात, फोन करून विचारायचं का, ते सगळं. एक शब्दही न गाळता. आमच्या दुरुस्तीला जेवढी जागा मिळाली होती तेवढीच.

दादाने माझ्या टेबलाशी उभ्या उभ्याच बघितलं. हातात कॉफी. पडद्यावर ताई पाण्यात दिसली.

"अरे, हे आपलं तलाववालं. काय मस्त चाललं होतं हे," तो म्हणाला आणि मिठीपर्यंत पोचायच्या आधीच हिरवं बटण दाबलं.

"पुढचं बघता का?" मी विचारलं. एक संधी द्यायची असं ठरवलंच होतं. देवाला उत्तर द्यायला बरं.

"तू केलंयस म्हणजे चांगलंच असणार," तो म्हणाला. संपादकबाईंनी दादाचं बटण हिरवं बघितलं आणि आपलंही केलं.

भाग बाहेर गेला. सगळे थांबले. बहुतेकांनी पैज लावली होती की बाई पकडली गेली, आणि बहुतेक हरले. हरलेला माणूस चिडतो. त्याला आपल्याला फसवणारा सापडला की मग बघायलाच नको. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखे फोन केले. काय आठवतं?

"त्या दादाचा आवाज," पहिल्या आठवड्यातली तीच मुलगी म्हणाली. "पुढे बातमी नाही. आमच्या ग्रुपमध्ये आता कुणी अर्धवट बोललं की आम्ही हेच म्हणतो."

"आणि ती बाई?"

"बिचारी. मी तिला काय काय बोलले होते." मग ती म्हणाली, "तुमच्या कंपनीचं मी आता काही बघणार नाहीये, सांगून ठेवते."

तुम्हाला वाटेल मला कंपनीचं वाईट वाटलं असेल. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

दादा कॉफीच्या दुकानात गेला की मागच्या टेबलावरून कुणीतरी ते तीन शब्द म्हणायचं. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये. त्याच्या दाराबाहेर कुणी खडूने लिहून गेलं. संपादकबाईंनी त्याला केबिनमध्ये बसवलं. दार उघडंच होतं, मला ऐकू आलं. "आमचा तुझ्यावर विश्वास आहे. पण लोक विसरेपर्यंत जरा थांब." मी डोळे मिटून ते वाक्य ऐकलं, लहानपणी ताई थोपटून झोपवायची तेव्हा ऐकायचे तसं. फोन करायला वेळ नाही म्हणणाऱ्या बाईंचा आवाज मात्र कुणापर्यंत पोचलाच नाही. काळ्या पडद्यापर्यंत कोण थांबतं? त्यांचंही बघू.

बाहेर येऊन तो सरळ माझ्या टेबलाशी आला. हातात कॉफी, पण बाह्या दुमडलेल्या नव्हत्या.

"का केलंस? मी काय वाकडं केलं होतं तुझं?"

"ती माझी ताई आहे."

तो शेजारच्या खुर्चीत बसला. माझ्या चेहऱ्यात ताई शोधत होता बहुतेक. सापडली नसणार, मी आईवर गेलेय.

"मी विचारलं होतं," तो म्हणाला. "फोन करायचा का म्हणून. त्या दिवशी मी म्हणालो होतो. तू तेवढंच काढलंस."

"आहे त्यात."

"कुठे आहे?"

"शेवटी. तू शेवटपर्यंत बघितलंस कुठे?" मी त्याच्याशी पहिल्यांदाच एकेरीत बोलत होते.

तो उठला. आपली कॉफी माझ्या टेबलावर विसरून गेला. मी त्याच दिवशी राजीनामा दिला आणि ती कॉफी बेसिनमध्ये ओतली.

तलावावरून ताईला बोलावणं आलं. व्यवस्थापक स्वतः घरी आला, दोन वेळा माफी मागितली. आईने वाळत घातलेली टोपी काढून ताईच्या हातात दिली आणि मग पदराआड रडून घेतलं. पहिल्या सकाळी ताई म्हणाली, चल माझ्यासोबत. मी काठावरच्या बाकावर बसले. वाचवलेला तो मुलगाही होता, आता उथळ भागात इमानदारीत हात मारत होता. एक-दोन आयांनी ताईकडे बघून हात जोडले. माझी छाती फुगली. हे सगळं मी आणलं होतं.

शिट्टी गळ्यात अडकवून ताई माझ्या शेजारी येऊन बसली. नजर पाण्यावर. बोलतानाही ती पाण्यावरची नजर काढत नाही.

"मी तो व्हिडिओ बघितला. पूर्ण."

"तू बघणारच."

"काळ्या पडद्यावरचंही ऐकलं. त्याने विचारलं होतं गं."

"आणि मग राहू दे म्हणाला."

"हो, म्हणाला." तिने एका मुलीला हाताने खूण करून दोरीच्या अलीकडे बोलावलं. "आईला त्याचा फोन आला होता. मला भेटायचंय म्हणाला. घराबाहेर पडत नाहीये म्हणे."

"मग मी काय करू?"

"मी त्या पोराला पाण्याखाली नेलं ना, ते वर आणायला नेलं. तूही नेलंस त्याला, बरोबरच नेलंस. मी काही बोलणार नाही. पण आता वर कोण आणणार त्याला?"

माझ्याकडे त्याच्या रेकॉर्डिंगचा 'फोन करून विचारायचं का' हा तुकडा होता. एवढं एकच वाक्य सुरुवातीला ठेवून, पैज लावून, पुन्हा टाकलं असतं तर पोरांनी शेवटपर्यंत बघितलं असतं. कसं करायचं ते माझ्याहून चांगलं कुणाला ठाऊक होतं? ताईलाही ठाऊक होतं, म्हणून तर विचारत होती.

"ताई," मी म्हणाले, "पुढे बातमी नाही."

तिने मान वळवली नाही. मुलं एकेक करून पायरीवरून वर यायला लागली होती आणि ती ओठांतल्या ओठांत डोकी मोजत होती. शेवटचं मूल बाहेर आल्याशिवाय ती कुणाकडे बघत नाही. सगळी बाहेर आली, पाणी स्थिर झालं, तरी तिने माझ्याकडे बघितलं नाही.